ओढा आपल्या परसातून गेला त्याची हकिकत

चि. धाकट्यास,

थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्याहून सात वर्षांनी जुने, तरी कुरकुर कमी करतात. तुझ्या बायकोलाही आशीर्वाद सांग (थोडे जास्तच सांग, तिला काहीही दिलं तरी कमी वाटतं).

तर आपलं तळं गेली काही वर्षं हिरवंगार झालंय, आणि वास असा की खिडकी उघडवत नाही. त्याच्यावर इलाज करायला सरकारी खात्यातून एक मुलगी आली आहे. इथे तिला सगळे ओढेवाली म्हणतात. तिचं म्हणणं, दुखणं तळ्याचं नाही, ओढ्याचं आहे. ओढ्याला सिमेंटच्या नाल्यात घालून सरळ केलं, तेव्हापासून पाणी धावत येतं आणि वरच्या गोठ्यांचं शेण, शेतांची माती, सगळं तळ्यात ओततं. तोच वळणं घेत, झाडोऱ्यातून रमतगमत आला तर घाण वाटेतच बसते. (आपण शाळेत असेच जायचो, म्हणून मला लगेच पटलं.)

पण जुनं वळण कुठल्याच नकाशात नाही, तेव्हा तिने मला विचारलं. मी चौथी नापास. माझ्यासमोर वही उघडून कोणी बसलं ते आयुष्यात पहिल्यांदा. जरा चढलेच. धुण्याचा दगड दाखवला, ओढा याला घासून जायचा म्हटलं, आणि चुन्याची रेघ थेट शेजारच्या हेडमास्तरांच्या गाडीच्या शेडमधून नेली. (मनात काही नव्हतं. फारसं नव्हतं.) त्यांनी कुरकुरत शेड उतरवून दिली. कमरेइतकं खणलं, तर कोरडी पिवळी माती! हेडमास्तर असे हसले की मी पुन्हा चौथीत. त्यात मुलीला तिच्या साहेबाचा फोन: दोन दिवसांत वळण सापडलं नाही तर नाला आहे तसाच राहील.

भाजी चिरताना आठवलं. अरे, तो दगड आपण दोघांनीच लोटत घराजवळ आणला होता ना, माझ्या बाळंतपणानंतर, धुणं जवळ पडावं म्हणून! तुझा अंगठा चेचला होता बघ. त्याची मूळ जागा म्हणजे माझा घेवड्याचा मांडव आणि न्हाणीघर. गप्प बसता आलं असतं. कपभर चहा संपेपर्यंत बसलेही. मग बाहेर ती पोर हेडमास्तरांची माफी मागताना दिसली. चूक माझी आणि मान तिची खाली, हे काही बघवेना. उठले आणि मांडवात कुदळ मारायला लावली. दोन हातांवर गुळगुळीत गोटे लागले, शिंपल्यांसकट.

मांडव गेला, न्हाणीघर गेलं. काल पाणी सोडलं. गढूळ येतं, परसात ऐसपैस वळण घेतं आणि कुंपणापाशी जाईतो तळाचे खडे दिसायला लागतात. तळं सुधारायला वर्षं लागतील, ओढेवाली म्हणते. लागू देत. हेडमास्तर खुर्ची घेऊन बघायला येतात. मी बसू देते.

तुझी,
ताई

ता.क. परसाच्या कागदावर बाबांनी दोघांची नावं घातली आहेत, म्हणून तुझी संमती लागत होती. तुला विचारलं असतं तर तू बायकोला विचारलं असतंस आणि तिने तिच्या भावाला. सही मीच केली.

ता.क. २. सोमवारी ओढेवाली खात्री करायला तुला फोन करेल. हो म्हण. सही तुझ्याहून सुवाच्य आली आहे. विचारलंच तर नवा चष्मा केलाय म्हणून सांग.