फांदी रिकामी होती

प्रिय उल्के,

अक्षर बघून दचकू नकोस. जाड काळ्या मार्करने लिहिते आहे, एका पानावर जेमतेम सात-आठ ओळी बसतात. आमचे हे मघाशी डोकावून विचारून गेले, निवडणुकीचे बोर्ड रंगवायला घेतलेस का. त्यांना काही सांगितलं नाही. हे पत्र तू स्वतः वाचायचंस, तुझ्या पद्धतीने, मान जराशी वळवून डोळ्याच्या कडेने. वेळ लागू दे. पूर्वाकडून वाचून घेऊ नकोस. सून गुणाची आहे तुझी, पण यात जे आहे ते तिच्या तोंडून तू ऐकावंस, हे मला सोसायचं नाही. फोन करायला काय झालं होतं, असं म्हणशील. फोनवर मला खोटं फार सहज बोलता येतं गं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून जन्मभर लोकांना 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' असं मधाळ आवाजात सांगितलं, त्याची सवय. मागच्या आठवड्यात तुलाही त्याच आवाजात सांगितलं, की गालापागोसची ट्रिप रद्द झाली. ती रद्द झालेली नाही, उल्के. दिवाळीनंतर सगळे निघताहेत. त्यात माझं नाव आहे आणि तुझं नाही.

लिहिलं एकदाचं. आता हात थोडा सुटेल.

तुला आठवतं, रिटायर झालो तेव्हा बायकांनी आपल्याला भिशीत ओढायचा किती प्रयत्न केला? तू म्हणालीस, भिशीत तीच तोंडं बघायची, त्यापेक्षा पक्षी बघू, निदान ते सुनांबद्दल बोलत नाहीत. दोघींनी दुर्बिणी घेतल्या आणि पहिले कित्येक रविवार साळुंक्या आणि कावळे मन लावून पाहिले. मग सिंहगडाच्या पायथ्याला तुला स्वर्गीय नर्तक दिसला. लांब पांढरी शेपटी हलवत ओढ्यावर उतरलेला. मी तेव्हा मागे, ओढणी करवंदीच्या जाळीत अडकलेली, काट्यांना शिव्या देत उभी. धावत येईपर्यंत तो गेला. पक्षी बघणाऱ्या आपल्या ग्रुपमधले सगळे तुझं अभिनंदन करायला लागले आणि तू सरळ म्हणालीस, मी नाही पाहिला. आपला नियम तेव्हापासूनचा. दोघींनी पाहिला तरच पाहिला. पुढे मला तो दिसेपर्यंत दुसरा पावसाळाही सरला, आणि तोवर तू कुणाजवळ अवाक्षर काढलं नाहीस. लोक हसायचे. मला मात्र आतून इतकं बरं वाटायचं, की असं माझ्यासाठी कुणी थांबून राहतं.

गालापागोसचं खूळ तुझंच. आपल्या सहली काढणाऱ्या बुद्धभूषणने त्या बेटांवर ग्रुप न्यायचं ठरवलंय हे कळलं आणि तू दर शनिवारी दुपारी धायरीहून माझ्याकडे येऊन बसायला लागलीस. जमिनीवर नकाशा, मधे चिवड्याची ताटली. तिथे एक पक्षी आहे, त्याचे पाय कपड्यांच्या निळीत बुडवून काढल्यासारखे निळे, आणि तो लग्न जमवायला ते एकेक उचलून बायकोला दाखवतो, हे तू मला तीन वेळा करून दाखवलंस. तिसऱ्या वेळी आमचे हे बाहेर आले. म्हणाले, कासवं बघायला जगाच्या त्या टोकाला कशाला, कात्रजच्या सर्पोद्यानाला बस जाते. तू म्हणालीस, भावजी, कात्रजची कासवं पुणेरी आहेत, दुपारी भेटत नाहीत. किती हसलो होतो.

आणि त्याच शनिवारांमधे तुझे डोळे जात होते. पडद्याचं दुखणं, बरोबर मधोमध धुरकट डाग, कडेचं तेवढं दिसतं, हे तू मला एखाद्या नळाची गळती सांगावी तसं सांगितलंस. डोळ्यात इंजेक्शन घेऊन आपण रिक्षातून परत येत होतो, डोळ्यावर पट्टी, आणि तू मला काय विचारत होतीस, तर तिथे स्वेटर लागेल का. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुला वाटलं असेल मला रडू येतंय. रडू येत होतंच, पण त्याच वेळी मनात येत होतं, की आता दर रविवारी मला काय काय सांगावं लागणार. खाली नाही, वर. उजवीकडची फांदी, तिच्या मागची. अगं हलला आता. मी हे सांगत राहायचे आणि तेवढ्यात पक्षी उडून जायचा. तुलाही दिसायचा नाही आणि मलाही धड नाही.

मग खडकवासल्याची ती सकाळ. धरणाच्या पाण्यात ते वाळलेलं झाड उभं आहे ना, त्यावर कैकर येऊन बसला, मासे धरणारा तो मोठा शिकारी पक्षी. त्याची आपण किती हिवाळे वाट पाहिली होती. मी तुझी दुर्बीण धरून तुला दिशा देत होते आणि तू म्हणालीस, "दिसला गं, दिसला. काय ऐटीत बसलाय." उल्के, तो उडून गेला होता. तू म्हणालीस तेव्हा फांदी रिकामी होती. मला ते दिसत होतं, आणि तुझं तोंड इतकं हसरं झालं होतं, की मी पण म्हणाले, हो बाई, काय ऐट आहे. घरी परतताना आपण पोहे खाल्ले, तू ग्रुपवर कळवायला लावलंस की दोघींनी कैकर पाहिला. तू माझा पक्षी वाया जाऊ नये म्हणून खोटं बोललीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळून मी गप्प बसले, आणि वर तुझा राग आला. आता हिच्यासाठी मी आयुष्यभर रिकाम्या फांद्यांचं कौतुक करायचं का, असं वाटलं. असं वाटलं मला. कुणाबद्दल, तर तुझ्याबद्दल.

म्हणून बुद्धभूषणवर काही ढकलत नाही. त्या पोराने नाही म्हटलंच नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, की ताई, लहान होडीतून खडकांवर उतरायचं असतं, खडक निसरडे असतात, उल्काताईंना हाताला धरून तुम्ही उतरवाल ना? बस, एवढाच प्रश्न. त्यावर 'हो' म्हणायला काय जात होतं माझं? मी म्हणाले, "ती स्वतःच नको म्हणाली." एका दमात, जराही न अडखळता. मग तुला फोन करून ट्रिप रद्द झाल्याचं सांगितलं, म्हणजे दोन्हीकडची तोंडं बंद. स्वतःला समजावलं, की हे तुझ्या काळजीपोटीच आहे, पाय घसरला, हाड मोडलं तर परक्या देशात कोण बघणार. सगळं खोटं. मला एकदा, फक्त एकदा, कुणाला काही न सांगता पोटभर बघायचं होतं. खरं कारण एवढंच आहे आणि ते लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. तू फोनवर काय म्हणालीस आठवतं? बरं झालं बाई, माझाही जीव नव्हता त्यात. मी चक्क सुटकेचा श्वास सोडला आणि फोन ठेवून कुकर लावला.

काल सौरभ आला होता. आईने दिलंय म्हणाला आणि पिशवी ठेवून दारातूनच गेला, डबल पार्किंग केलं होतं म्हणे. पिशवीत तुझी दुर्बीण. मला आधी वाटलं, तुझ्या मानेला जड होते म्हणून दिली असेल, माझ्या दुर्बिणीला रबरबँड लावून चालवते आहे हे तुला ठाऊकच आहे. मग खाली हाताला डबा लागला. त्यात आलेपाक.

मी त्या डब्याकडे बघत तशीच ओट्याशी उभी राहिले. तू आलेपाक फक्त माझ्यासाठी करतेस, आणि तोही मला गाडी लागते म्हणून, ताम्हिणीच्या नाहीतर वरंध्याच्या घाटात जायचं असेल तेव्हा. पुण्यातल्या पुण्यात पाषाणला जायला कुणी आलेपाक करत नाही. म्हणजे मी बोटीवर चढणार आहे, हे तुला कळलं होतं. कुणी सांगितलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही. बहुधा बुद्धभूषणनेच, 'तुम्ही का नको म्हणालात' असं विचारायला फोन केला असेल. म्हणजे माझ्या दोन्ही थापा तुझ्या पदरात एकदमच पडल्या असणार. आणि त्यावर तू काय केलंस, तर आलं किसायला घेतलंस. तुला विस्तव दिसत नाही नीट, पाक कसा जमला असेल? दोन वड्या करपल्या आहेत. उल्के, तू भांडायला हवं होतंस गं. धायरीहून रिक्षा करून यायला हवं होतंस आणि चार बायकांसमोर माझी अब्रू काढायला हवी होतीस. ते मी सोसलं असतं. हा डबा सोसवत नाही.

आज सकाळी बुद्धभूषणकडे गेले आणि खोटं बोलले होते असं त्याच्या तोंडावर सांगितलं. बिचारा कानकोंडा झाला. तुझी जागा सोमवारपर्यंत तो धरून ठेवणार आहे. तिथल्या पक्ष्यांबद्दल पुन्हा सगळं विचारून घेतलं, आणि तू एका शनिवारी सांगितलेली एक गोष्ट, जी मी चिवडा खात नुसती ऐकली होती, ती आता डोक्यात शिरली. तिथले पक्षी माणसाला घाबरत नाहीत. दोन-तीन हातांच्या अंतरावर बसून राहतात, उडून जात नाहीत, तिथे दुर्बीण लागतच नाही. तू याच वर्षी जाऊ, याच वर्षी जाऊ, असा हट्ट का धरला होतास, ते मला आत्ता कळतंय. जगात एवढी एकच जागा उरली होती जिथे तुला कडेने का होईना दिसलं असतं, आणि मी नेमकी तीच तुझ्यापासून चोरली. माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, ती तू द्यावीस असं मी काही केलेलं नाही. रविवारी नेहमीच्या वेळेला रिक्षा घेऊन तुझ्या दारात उभी राहीन. पासपोर्ट घेऊन खाली आलीस तर आपण थेट बुद्धभूषणकडे जाऊ. नाही आलीस तर मी रिक्षा वळवीन आणि त्याला माझंही नाव काढायला सांगेन. ते तुझ्यावर उपकार म्हणून नाही, नियम आपला दोघींचा आहे म्हणून. पण येशील तर एक कबूल कर. माझ्यासाठी पुन्हा 'दिसला' म्हणू नकोस. नाही दिसला तर नाही म्हण, मोठ्याने म्हण, कितीही वेळा म्हण. मी तुझा हात धरून सांगत राहीन, आणि तो पक्षी आपली वाट बघत तिथेच बसलेला असेल.

दुर्बीण आणि आलेपाक घेऊन येते, डबा अजून तसाच भरलेला आहे.

तुझीच, तू ठेवशील तर,
हिरा