दाजींच्या माथी

बुधवार, संध्याकाळ. उदगीर.

ट्रकच्या इंजिनाचा ब्लॉक तडकलाय. मेस्त्री म्हणाला, "वेल्डिंग करून देतो, पण भरवसा न्हाई. दुसरं इंजिन बसवलेलं बरं." मग त्यानं विचारलं, "एवढी तापली तरी गाडी चालवली कुणी?"

मी दाजींकडं पाहिलं. माझ्या ताईचे यजमान, बारा वर्षं माझा ट्रक चालवतात. "ह्यांनाच विचारा," म्हणालो. कसं म्हणालो मी? काल जळकोटहून दाजींनीच फोन केला होता, "इंजिन तापलंय, काटा लालवर गेलाय, थांबू का?" सोयाबीन वेळेत लातूरला पोचावं म्हणून मीच म्हणालो, "या तसंच." काटा लालवर, हे मला माहीत होतं.

दाजी मेस्त्रीला म्हणाले, "हाव, माझ्याच ध्यानात आलं न्हाई." मी दुसऱ्या इंजिनाचा भाव विचारला.

आत्ता त्यांना फोन केला. आधी इंजिनाचंच बोललो. दुरुस्ती नको, दुसरंच बसवू. मग म्हणालो, "दाजी, उद्या मेस्त्रीला खरं सांगतो."

"त्याला कशाला? तुझ्या ताईला सांग. सकाळपासून मलाच बोलून राहिली." त्यांनी फोन तिच्याकडं दिला.

ताईचा आवाज आला. मी तिचा गुडघा कसा आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.