बावीस टोप्या

मंगळवार, १४ मे

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची हाताला सवय, म्हणून तेच आधी उमटलं. आता खोडत बसत नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांच्या पडद्यांना अस्तर लावून झालंय. कुणाला तरी न्यायला पाठव, तू स्वतः येऊ नकोस.

आपल्या टिटवीचा ताप उतरला. मानेवरचे फोड फुटलेत, कानाला अजून उशी लावता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी मान वाकवून पाहिली आणि मलाच झापलं. "हे एका दिवसाचं भाजणं नाही. जुनी साल गेलीय, त्यावर पुन्हा भाजलंय. अशी कोवळ्या वयात भाजलेली कातडी पुढे आयुष्यभर हिशेब मागते. मैदानावर टोपी घालत नाही का ही?"

"घालते की," मी म्हटलं. "मीच शिवलीय."

आठवतं ना? जानेवारीत सगळे पालक तुझ्याकडे आले होते. फुटबॉल म्हटला की ऊन आलंच, पण पोरींना निदान जपा, म्हणाले. तू सगळ्यांसमोर शब्द दिलास : अकरा ते चार सराव नाही, टोपीशिवाय धावणं नाही. मी दोन आठवडे मशीनवर वाकून बावीस टोप्या शिवल्या. मागे मानेवर पडदा, कानांवर झडपा, कपाळाला टोचू नये म्हणून शिवण आतून दुमडलेली. तू म्हणालास, "माझी बहीण आहे म्हणून चाललंय बघ सगळं." मी फुगले होते, दादा.

काल टिटवी पालथी पडून रडत होती. मला वाटलं, आग होतेय. मग तिने सांगितलं. टोप्या चार महिने मैदानावरच्या खोलीतल्या पोत्यात होत्या. भर बारा वाजता तू पोरींना उघड्या डोक्याने पळवायचास, कारण म्हणे टोपीने पोरी नाजूक होतात आणि सामना काय सावलीत होतो का! महिनाअखेर पोतं माझ्याकडे धुवायला यायचं. त्याच्या आदल्या दिवशी पोरी त्या टोप्यांवर मैदानाची माती चोळायच्या. तूच चोळायला लावायचास. "आईला सांगू नकोस, हे आपलं टीमचं गुपित," असं माझ्या पोरीला तू सांगितलंस. तिचा मामा!

कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची? परक्या कोचने असं केलं असतं तर मी मैदानावर जाऊन त्याची गचांडी धरली असती. तुझ्यापाशी मी पोर सोडून निर्धास्त शिवत बसत होते. त्या निर्धास्तपणाचाच तू फायदा घेतलास. मला फार लागलंय ते. फोन उचलत नाही त्याचं कारण मशीनचा आवाज नाही.

आता मघापासून टाळतेय ते लिहिते.

मला फेब्रुवारीतच कळलं होतं. पोतं उघडलं, टोप्या बाहेरून मळलेल्या, आणि आतली पट्टी कोरी. घामाचा एक डाग नाही. वीस वर्षं लोकांचे कपडे उलटेपालटे करते मी, अंगावर चढलेलं आणि न चढलेलं मला हाताला कळतं. तरी धुतल्या, इस्त्री केल्या, घडी घालून परत पाठवल्या. दर महिन्याला. जूनमध्ये संघाची निवड होणार होती, आणि ती तुझ्या हातात. तुझ्याशी वाकडं घेतलं तर टिटवीचं काय होईल, या भीतीने मूग गिळून बसले. बाबा गेल्यावर तू मला वाढवलंस, तुला खोटं कसं पाडू, असंही स्वतःला सांगितलं. पण खरं कारण निवड हेच.

काल रडून झाल्यावर तिने विचारलं, "आई, तुला टोप्या बघून काहीच कळलं नाही?"

मी म्हणाले, "कळलं होतं." तेव्हापासून ती माझ्याकडून मलम लावून घेत नाही. शेजारच्या काकूंना बोलावते.

आजही बाकीच्या एकवीस जणी बारा वाजता उन्हात असतील. म्हणून हे पाकीट टाकून मी थेट त्यांच्या घरोघरी निघालेय. प्रत्येक दारात आधी माझं सांगणार, मग तुझं. तुला आधी कळवलं असतं, तर तू समजूत काढली असतीस आणि मी ऐकलं असतं.

वहिनींना नमस्कार. तुला या वेळी लिहवत नाही.

टिटवीची आई