काळे टाके

२ मार्च

ती. ताईस,
ठमीचा सा. न. वि. वि.

माझ्या अनुवादाची प्रुफं तुझ्या टेबलावर पोचली, असं संपादकांनी कळवलं. तू वाचणार म्हटल्यावर मी माझी प्रत पुन्हा काढून बसले. मागच्या वेळी एका स्वल्पविरामावरून तू मला तीन पत्रं लिहिली होतीस.

फ्रेंचमध्ये ही कादंबरी तुफान खपली आहे. शाळेतल्या चार मैत्रिणी, एकीच्या दप्तरात चोरीची प्रश्नपत्रिका सापडते आणि तिला शाळेतून काढतात. तीस वर्षांनी उरलेल्या तिघींना निनावी चिठ्ठ्या येऊ लागतात, मग एकीचा खून होतो. विषय तुला लागेल, हे मला माहीत होतं. मी नाहीच म्हणणार होते, पण प्रकाशक हटून बसले. इतक्या वर्षांनी त्याचं काय, असं म्हणून तूही वाच.

पहिल्या पानावर ‘माझ्या वर्गातल्या ताईस, प्रेमाने’ असं छापायचं आहे. तू नाक मुरडशील, पण त्याला हात लावायचा नाही.

लोभ आहेच, तो तसाच राहो. प्रश्नचिन्हं तेवढी कमी कर.
तुझी,
ठमी

१० मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तीन महिन्यांनी का होईना, मोठी आहे, तेव्हा आशीर्वाद घे गुपचूप. खाली छपाईचं मशीन सुरू झालं की माझं टेबल थरथरतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, ओळीखाली पट्टी धरून तुझं पुस्तक वाचते. भाषा छान वाहती झाली आहे. तो पोलीस अधिकारी मात्र एकोणीस वेळा सुस्कारा सोडतो. त्याला जरा आवर.

विषय लागला, खोटं कशाला बोलू? मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या दप्तरात सापडलेली प्रश्नपत्रिका तोंडासमोर नाचवली, त्याला एकेचाळीस वर्षं झाली. शिष्यवृत्ती एकच होती आणि ती आपल्या दोघींपैकी एकीला मिळणार, हे सगळी शाळा जाणून होती. मला काढलं, तुला मिळाली. आई गेल्यापासून मी तुमच्याच घरात वाढत होते, तेव्हा आवाज तरी कुठल्या तोंडाने चढवणार? मावशीने त्याच महिन्यात मला इथे छापखान्यात छापील फर्म्यांच्या घड्या घालायला लावलं. निदान घरातली एक पोरगी शिकली, एवढंच मी मनाशी म्हणत आले.

एक शंका आहे. पान २१२, ओळ चौदावी. ‘तिने अस्तराचे काळे टाके दातांनी तोडले आणि कागद आत सरकवला.’ मूळ पुस्तकात हे असंच आहे का? समासात शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय.

तब्येतीला जप. लोभ धर.
तुझी,
ताई

१३ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आत्ताच आलं. हो, मुळात तसंच आहे, अगदी शब्दाला शब्द. प्रश्नचिन्ह खोडून टाक. सुस्कारे मी कमी करते, तुझं बरोबर आहे.

तुझ्या टेबलावरच्या दिव्याचा उजेड अगदीच पिवळा आहे, मी चांगला दिवा पाठवते. चष्म्याचा नंबरही तपासून घे. काम संपलं की इकडेच ये महिनाभर, गच्चीकडची खोली रिकामीच असते. खरंच ये.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
ठमी

१९ मार्च

ठमीस,

आमच्या संपादकांना फ्रेंच येतं, हे तू विसरलीस. मी त्यांना सहज विचारलं. त्यांनी मूळ पुस्तक काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले की इथे फक्त ‘तिने कागद दप्तरात ठेवला’ एवढंच आहे. अनुवादक कधीकधी पदरचा मीठमसाला घालतात, असंही म्हणाले. मीही त्यांच्यासोबत हसले.

माझ्या दप्तराचं अस्तर उसवलं होतं. आदल्या संध्याकाळी मी ते काळ्या दोऱ्याने शिवलं, कारण घरात दुसरा दोरा नव्हता. दप्तर परत मिळालं तेव्हा टाके तुटलेले होते. झडतीत तुटले असतील, असं मी धरून चालले आणि कधी कुणापाशी बोललेही नाही. दातांनी दोरा तोडायची खोड आपल्या घरात एकीलाच होती. मावशी कात्री घेऊन तुझ्या मागे धावायची.

प्रुफं शुक्रवारी छपाईला जातात. त्याआधी मला उत्तर हवंय.
ताई

२१ मार्च

ती. ताईस,

मीच ठेवला. आता आढेवेढे कशाला घेऊ? तू हुशार होतीस, शिष्यवृत्ती तुलाच मिळणार होती, आणि आई दुसरीला पदरच्या पैशाने शिकवणार नाही हे मला ठाऊक होतं. तुला दोन दिवस घरी बसवतील, फार तर रागावतील, असं वाटलं. तुला काढलं तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा घाबरले, आणि नंतर तू माझ्या प्रत्येक पुस्तकावर इतकी खूश व्हायचीस की तोंडच उघडेना.

ते वाक्य मी केव्हा लिहिलं, मला कळलंच नाही. दहा वेळा वाचूनही मला ते त्या पुस्तकातलंच वाटत होतं.

तुझे पाय धरते, तेवढं वाक्य काढून टाक. आणि मला काहीही बोल, पण लिहायचं थांबू नकोस. माझं तुझ्याशिवाय कोण आहे?
ठमी

२५ मार्च

ठमीस,

पुस्तक काल मशीनवर चढलं. पान २१२वरचं वाक्य जसंच्या तसं आहे. अनुवादकाने ते मुळातलंच असल्याचं लेखी कळवलं होतं आणि ते पत्र मी फायलीला लावलं आहे. संपादकांनीही त्यावर वाद घातला नाही.

तुझ्या आधीच्या सात पुस्तकांची प्रुफं मी वाचली. प्रत्येक वेळी रात्री पडल्यावर वाटायचं की हे मलाही जमलं असतं. मग स्वतःचीच लाज वाटायची, बहिणीवर जळतेस म्हणून. ती लाज मी एकेचाळीस वर्षं उगाच बाळगली. मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो. शाळेचाही नाही इतका.

तुझा दिवा पोचला. खालच्या मशीनवाल्याला दिला, त्याला उपयोग होईल.

लेखकाला न विचारता आजवर मी एक शब्द खोडला नव्हता. या वेळी एक ओळ खोडली. पहिलं पान कोरं छापलं आहे.

लोभाबद्दल काही लिहीत नाही.
प्रूफवाचक