आईंचा उजवा कान

अनुप,

आईंना कानाच्या डॉक्टरकडे नेतेय, दहाची अपॉइंटमेंट आहे. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली आहे, तो तू झाड.

काल तुझ्या ऑफिसच्या पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या, ‘माय राइट इअर इज नॉट लिसनिंग.’ लगेच तू भर जेवणात ‘हिअर’ आणि ‘लिसन’ शिकवायला बसलास: एक आपोआप कानावर पडतं, दुसऱ्याला लक्ष द्यावं लागतं, पुढे ‘टू’ लावायचं. पाहुण्यांनीही माना खाली घातल्या. मला तुझी किळस आली.

त्यांना त्या कानाने महिनाभर ऐकू येत नाहीये. मराठीत सांगितलं तर तू फोनमधून डोकं वर काढत नाहीस, म्हणून ते वाक्य त्यांनी चार दिवस पाठ केलं होतं.

माफी मागशील तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला बस.

क्रांती