अपेक्षा : कमी बोलणारा

बुधवार, २ एप्रिल

आले बाई एकदाची सोलापुरात! जेऊरच्या स्टेशनवर अप्पा तोंड पाडून उभे होते. गाडी हलली तसे खिडकीबरोबर चालत चालत पुन्हा तेच म्हणाले, एक वरीस. म्हणजे एक वर्ष नोकरी करायची मुभा. तेवढ्यात गावात कुणाच्या तोंडी माझं नाव आलं, की गाठोडं बांधून परत यायचं आणि एकनाथमामा आणेल त्या स्थळापुढं मान खाली घालून बसायचं. मी म्हटलं, कबूल. नावच संस्कृती ठेवलंय तुम्ही, बिघडेन कशी?

खोली अक्कलकोट रोडला, कुंभारीच्या अलीकडे, एका घराच्या गच्चीवर आहे. खाली मालकीण मथुराकाकू एकट्याच राहतात. मुलगा शिवराज पुण्याला कंपनीत असतो म्हणे. खोली हवेशीर आहे, फक्त दोन खोटी. प्लगमधून ठिणग्या उडतात, म्हणून मोबाईल चार्जिंगला खाली काकूंच्या स्वयंपाकघरात ठेवायचा. आणि दाराची आतली कडी ढिली, दोनच स्क्रूंवर लटकलीय. काकू म्हणाल्या, शिवराज आला की बसवून देईल की. आल्या आल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. लई चांगली बाई!

नोकरी एका लॅबमध्ये, साडेसात ते अडीच रक्त काढायचं. मामा म्हणतो पांढरा कोट फोटोत उठून दिसतो. त्याच्या वधूवर ग्रुपांसाठी बायोडाटा आजच नवा करून पाठवला. सध्याचा पत्ता घाल म्हणाला, पत्ता नसला की लोकांना संशय येतो. घातला. फोटो, उंची, रास, नाडी, रक्तगट, अप्पांचा नंबर, सगळं घातलं. म्हशीच्या बाजारातसुद्धा इतकं विचारत नाहीत. 'अपेक्षा' पुढं मामानं सांगितलं तेच: सुशिक्षित, निर्व्यसनी, अनुरूप.

खरी अपेक्षा इथं वहीत लिहिते, कारण वही कुठं फॉरवर्ड होत नाही. नवरा कमी बोलणारा असावा, मी बोलताना त्यानं मध्ये तोंड घालू नये, आणि मला सोडून कुठं जाऊ नये. बास.


रविवार, ६ एप्रिल

खोलीची रील टाकली होती, 'माझी पहिली खोली' म्हणून. चारशे लाईक! जेऊरची अर्धी पोरं त्यात असणार, पण रीलमध्ये काय, कॉट, खिडकी आणि चहाचा कप. त्यात कसली आलीय बदनामी?

संध्याकाळी श्रावणीचा फोन आला. श्रावणी माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता लग्न होऊन अकलूजला असते. तिच्या सासऱ्यांच्या ग्रुपवर माझा बायोडाटा आलाय आणि त्यात खाली एक ओळ जास्त आहे. 'आवड : आल्याचा चहा, साखर कमी.' दोघी पोट धरून हसलो. मामाला विचारलं तर तो देवाशपथ म्हणाला मी नाही. रीलमध्ये कप दिसतो हे खरं, पण आलं आणि साखर कुणाला दिसली? असेल कुणीतरी रिकामटेकडं. चहाच तर आहे.

काकू रोज दुपारी लेकाशी फोनवर बोलतात, वरपर्यंत ऐकू येतं. बोलतात म्हणजे, एकट्या त्याच बोलतात. पोरगा बिचारा ऐकून घेत असणार.


गुरुवार, १० एप्रिल

मेला कोण आहे हा? बायोडाटा आणखी एका ग्रुपवर आलाय. 'कामावर निघण्याची वेळ : ७.०५. परत : ३.१०. रविवारी अर्धा दिवस.' माझ्या येण्याजाण्याचं टाइमटेबल तीनशे अनोळखी माणसांच्या मोबाईलमध्ये!

रील काढून टाकली. खाती प्रायव्हेट केली. सहाशे फॉलोअर होते, निवडून निवडून बेचाळीस ठेवले. डीपीला गुलाबाचं फूल लावलं. मामाला म्हटलं बायोडाटा मागे घे, तर म्हणाला आता कुठून कुठून घेऊ, सुटलेला बाण आहे तो.

लॅबमध्ये माझ्याबरोबर नंदीश आहे, सोलापुरातच शिकलेला, चिडला की कन्नडमध्ये पुटपुटणारा. तो म्हणाला, सायबर पोलिसांकडे तक्रार दे. त्याला सांगायला काय जातंय? पोलिसांची पायरी चढले की अप्पांना कळणार आणि माझं वर्ष नवव्या दिवशी संपणार. नाही गेले.


मंगळवार, १५ एप्रिल

'खूण : डाव्या पायाच्या करंगळीवर भाजल्याचा जुना डाग.'

लहानपणी चुलीजवळ भाजला होता. आज रजा टाकून मोबाईलमधला एकेक फोटो बघितला, अठराशे फोटो, शाळेच्या गॅदरिंगपासूनचे. एकातही डावा पाय उघडा नाही. मग हा डाग दिसला कुणाला?

त्रेचाळीस डिग्रीत पायमोजे घालून बसलेय. काकू बघून हसल्या, उन्हाळा लागला का म्हणाल्या. बसमध्ये एकजण माझ्या चपलेकडे बघत होता. किंवा मलाच तसं वाटलं. आजकाल दर माणसाच्या हातातला मोबाईल बघून वाटतं, याच्यात असेन का मी?


शनिवार, १९ एप्रिल

श्रावणीनं नवा पाठवला. जसाच्या तसा उतरवून ठेवते.

'अपेक्षा : नवरा कमी बोलणारा असावा, मी बोलताना त्यानं मध्ये तोंड घालू नये, आणि मला सोडून कुठं जाऊ नये.'

हे मी कुठं टाकलं नव्हतं. कुणाला बोलले नव्हते. हे फक्त या वहीत आहे, आणि वही गादीखाली असते. म्हणजे कुणीतरी खोलीत येतं. मी लॅबला गेले की येतं, गादी उचलतं, बसून वाचतं.

रडत खाली गेले, काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी गालावरून हात फिरवला. मी हाय की म्हणाल्या, माझ्या नजरंखालनं मुंगीबी वर जात न्हाय. थोडं बरं वाटलं. वही आता पर्समध्ये ठेवते.


गुरुवार, २४ एप्रिल

श्रावणीनं एका ग्रुपच्या अ‍ॅडमिनकडून मूळ नंबर काढला. हे सगळे बायोडाटे त्याच एका नंबरवरून निघालेत. दुपारी साडेतीनला मी तो फिरवला. बाहेर नुसतं ऊन, कुत्रंसुद्धा नव्हतं रस्त्यावर.

रिंग वाजली. खाली. काकूंच्या स्वयंपाकघरात.

काकू स्वतःच जिना चढून आल्या. लाज नाही, शरम नाही. शिवराजचा फोन हाय म्हणाल्या, माझ्याकडंच असतो. तुझ्यावर जीव जडला, सून करायची तर पोरीचं समदं बघून घ्यावं लागतं की. वही वाचली तर काय झालं, आईनंच वाचली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, पण तोंडाचा पट्टा चालू होता माझा. आणि खरं सांगते, मनातून सुटल्यासारखंही वाटलं. भूत नाही, गुंड नाही, एक आगाऊ म्हातारी. उद्याच खोली सोडते असं सांगून अप्पांना फोन लावला.

अप्पा खुशीत! त्यांना शिवराजचा बायोडाटा पोचलाय. त्याचं प्रोफाईल मामानं बसून तपासलंय. रोज सकाळी सुप्रभात टाकतो, एक वावगा फोटो नाही, पोरीबाळींना कमेंट नाही, आजच्या काळात असा मुलगा दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही. आणि तू कशाला लाजतेस म्हणाले, तुझी पसंती तर तूच पाठवलीस. माझ्या वहीच्या पानाचा फोटो, माझ्याच नंबरवरून. तुझंच अक्षर हाय की.

रोज दुपारी तासभर फोन खाली चार्जिंगला. पॅटर्न काय, तर इंग्रजी एस. काकूंच्या समोरच उघडायचे. सगळ्या जगाला ब्लॉक केलं मी, आणि फोन रोज हिच्या ओट्यावर नेऊन ठेवला. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रविवारी पाचला अप्पा आणि मामा बैठकीला येणार. मला हे स्थळ नको म्हटलं तर अप्पा म्हणाले, तवर गप ऱ्हा, मालकिणीशी तमाशा करून निघालीस तर त्याचीच चर्चा होईल, आणि मग वर्ष संपलं म्हणून समज.

गप राहिले. तीनच दिवस आहेत. फोन आता लॅबमध्येच चार्ज करते.


शनिवार, २६ एप्रिल

मुलाचा बायोडाटा नीट वाचला. 'स्वभाव : शांत, कमी बोलणारा.' 'सध्याचा पत्ता' पुण्याचा नाही. हाच आहे. याच घराचा.

पण मी चोवीस दिवस इथं राहतेय — खाली कधी पुरुषाची चप्पल दिसली नाही.

त्याचं खातं खालपर्यंत बघत गेले. सगळे तेच पाच फोटो, पुन्हा पुन्हा. एका जुन्या फोटोखाली कुणीतरी लिहिलंय, मिस यू भावा.

त्याखाली शिवराजचं उत्तर: मी हितंच हाय.


रविवार, २७ एप्रिल. दुपारी अडीच

नंदीशला फोटो दाखवला. त्याचा चेहराच उतरला. हा माझ्या वर्गात होता म्हणाला. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. टेंभुर्णीजवळ मोटारसायकलवरून. दहाव्याला नंदीश घाटावर होता. पिंडाला कावळा शिवेना. त्याच्या मामानं सांगून बघितलं, मित्रांनी सांगून बघितलं, दोन तास झाले. शेवटी आई पुढं झाली, हात जोडून म्हणाली, तुझं लगीन लावून देते रं बाळा, शब्द देते.

लगेच शिवला.

नंदीश म्हणाला, खोलीवर जाऊच नको. पण माझी सगळी सर्टिफिकेटं इथं — दहा मिनिटांचं काम, म्हटलं बॅग भरते आणि बाहेर रस्त्यावर जाऊन अप्पांची वाट बघते. भरलीसुद्धा.

जिन्याचं दार खालून लावलंय.

लॅबमध्ये सकाळपासून लाईट नव्हती, फोन बंद पडलाय. इथल्या प्लगला लावून बघितला. ठिणगी उडाली, धूर आला, संपलं.

ओरडून बघितलं. सगळी गल्ली कूलर लावून झोपलीय.

पाचला अप्पा येतील. अडीच तास.


तीन

जिन्याचं दार उघडलं — काकू एकट्याच. पुन्हा लावून घेतलं. मी आतून खोलीची कडी घातलीय आणि खिडकीतून बघतेय.

जरीचं लुगडं नेसल्यात. हातात ताट, दोन बशा. पोहे. आणि तो मोबाईल, त्याला मुंडावळ्या बांधल्यात. स्क्रीनवर त्याचा फोटो.

एक बशी कठड्यावर ठेवली. शेजारी मोबाईल उभा केला. म्हणतात, आदी नवऱ्या मुलाचं पान.

पोह्यांना वास येतोय. कांद्याचा नाही. आमच्याकडं फवारणीच्या दिवसांत रानात येतो, तो —

कावळा आला. लांब बसलाय.


सव्वातीन

शिवला. दोन चोची मारल्या. काकू रडताहेत, पदरानं डोळे पुसताहेत, पोरगं खूश झालं म्हणतात.

कावळा पंख पसरून आडवा पडलाय. पाय हलत होते. आता नाही.

काकूंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. दुसरी बशी घेऊन दाराशी आल्यात.


किती वाजले माहीत नाही

दार ढकलताहेत. हळूहळू, घाई नाही. मी कॉट लावलीय मागे.

समजावताहेत. तूच लिवलंस ना बाळा, कमी बोलणारा पाहिजे. माझा शिवराज एक अक्षर बोलत न्हाय. सोडून जाऊ नये म्हणालीस. ह्यो आता कुटं जातोय? तुला सुदिक दुपारचं बोलत जाईन मी, दोघांना. तुझा फोनबी चालू ठेवीन. रोज सुप्रभात टाकीन तुझ्या नावानं —

एक स्क्रू पडला.

अप्पा, वही कॉटच्या फटीत सारतेय. अक्षर माझंच आहे, पण पसंती माझी नाही. मी आता जे काही टाकेन ते मी नसेन. सुप्रभात आलं तर ते मी नाही. ज्याला ही वही सापडेल त्यानं पानन् पान फोटो काढून टाका, मामाच्या सगळ्या ग्रुपवर, गावात, माझ्या नावानिशी, पत्त्यानिशी, लोक काय बोलायचं ते बोलू देत, नाव गेलं तरी चालेल अप्पा, मला फक्त —

दुसरा स्क्रू फिर