खलबत्ता गुरुवारपर्यंत पोहोचेल, काळजी नसावी

मोहर्रम बे, अलेक्झांड्रिया
सोमवार, दुपार (मुलं झोपली आहेत, निदान तसं मी समजून चाललो आहे)

आदरणीय नबविया आत्या,

तुमचा भाचा मुख्तार तुमचे दोन्ही हात डोळ्यांना लावून सलाम करतो. तुमचा गुडघा आता कसा आहे? साखर मोजता का, की अजून त्या डॉक्टरवर रागच आहे? बदकं अंडी घालतात ना? तुमच्या इब्तिहालला मुलगा झाला हे कळल्यावर तुमच्या भाचेसुनेनं, इन्साफनं, इकडे आनंदानं अशी आरोळी ठोकली की खालच्या उम्म रगबनं झाडूनं छत ठोकलं. बाळाला शंभर वर्षांचं आयुष्य लाभो, तो आईबापांच्या आज्ञेत राहो. (दोघांच्याही. 'दोघांच्याही' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत, का ते पुढे येईलच.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. आत्या, फोनवर मी 'आत्या' एवढं म्हणतो, पुढचं सगळं तुम्ही बोलता, आणि मी 'हो' म्हणून फोन ठेवतो. काल मी असंच कशाला तरी हो म्हटलं आहे, ते कशाला हेही सवडीनं कळवावं. तर सांगायचं ते एकदा शेवटपर्यंत सांगून होऊ दे म्हणून हे पत्र. माझा मेहुणा हमदी रोज संध्याकाळी मिनीबस घेऊन रशीदला येतो, तो आणून देईल. त्याला चहा देऊ नका, तो मग उठत नाही.

तुमचा निरोप पोहोचला. घराण्याचा पितळी खलबत्ता गुरुवारी संध्याकाळच्या आत रशीदला आला पाहिजे, इब्तिहालच्या बाळाची सातवी त्याच्याशिवाय व्हायची नाही, आणि नाही आला तर तुम्ही माझं काय कराल, हे सगळं समजलं. (शेवटचा भाग इथे पुन्हा लिहीत नाही, आमची गालिया आता दुसरीत आहे आणि जे दिसेल ते वाचते.) तुमचं बरोबरच आहे. माझ्या आजीपासून या घरातलं एकही मूल त्या खलबत्त्याच्या ठणठणाटाशिवाय आठव्या दिवसात गेलेलं नाही. गालियाच्या सातवीला तुम्ही तिला चाळणीत ठेवलंत, कानाशी खलबत्ता धरलात आणि तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ठणाठणा कुटत सांगितलंत, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं, हातात शेंगदाण्याचं ताट घेऊन. शिहाबच्या वेळीही तेच, उलट त्या वेळी तुमचा हात जरा जास्तच जोरात चालला होता. दरवेळी म्हणतात म्हणून म्हणायचं, असं मी धरून चाललो होतो. याचा गुण येतो हे मला कोणी सांगितलं होतं का?

गुण कसा येतो ते ऐका. इन्साफ उजाडता उजाडता दवाखान्यात ड्यूटीवर जाते आणि माझी शाळा दुपारची (सध्या तर सुट्टीच आहे), म्हणजे सकाळभर मुलं माझ्या ताब्यात असतात. (माझ्या ताब्यात हे आपलं लिहायला.) शिहाब चार वर्षांचा घोडा झाला तरी पँट घालत नाही. मी समजावतो, आमिष दाखवतो, डोळे वटारतो, तो शांतपणे पँट डोक्यावर घालतो आणि तसाच नाश्त्याला बसतो. गालियाचे केस विंचरायला घ्यावेत तर ती टेबलाखाली जाते, आणि मी चाळिशीतला, ज्याला लोक रस्त्यात उस्ताद म्हणून हाक मारतात असा माणूस, कंगवा घेऊन टेबलाखाली जातो. तिथे डोकं आपटतं ते माझंच. शाळेत मी नुसता खाकरलो तरी वर्ग चिडीचूप होतो, घरी मी ओरडलो तर शेजारची मुलं गप्प बसतात, माझी नाही. आणि इन्साफ? ती ड्यूटीवरून दमून येते, दारातूनच हळू आवाजात "शिहाब" म्हणते, आणि त्या पोराच्या अंगावर पँट आलेली असते. कुठून येते, कधी येते, मला आजवर दिसलेलं नाही.

पण म्हणून मी त्या खलबत्त्याला कधी दोष दिला का? नाव नको. आमच्या घरात त्याचा उल्लेख आदरानंच होतो, त्याच्याविरुद्ध माझ्या तोंडून कधी वावगा शब्द निघालेला नाही, इन्साफला विचारा हवं तर. (नको, तिला विचारू नका, ती दमलेली असते.)

तर आज सकाळी मी तो फडताळातून काढला, लिंबू आणि मीठ लावून मनगट दुखेपर्यंत घासला, असा लखलखीत केला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं, आणि वाळायला गॅलरीत उन्हात ठेवला. तिथेच आमची दोरीची टोपली असते, खालच्या बयूमी वाण्याकडून पाव आणि उकडलेले घेवडे वर ओढायची. टोपलीला मुलांनी हात लावायचा नाही असा घरचा नियम आहे. (नियम माझा आहे, यावरून पुढचं तुम्ही ओळखलं असेलच.) मी आत आलो तर दूध उतू गेलेलं. ते पुसेपर्यंत शिहाबनं पिठाच्या डब्यात आपली मोटार गाडलेली. ती उकरेपर्यंत दारावर बिलवाला. आणि मग एकदम सगळं शांत झालं. शहाण्या माणसानं तेव्हाच धावायला हवं होतं. मी मूर्ख, खूश झालो. चहा केला, साखर घालून ढवळला, खुर्चीवर टेकलो, आणि पहिला घोट घेणार एवढ्यात गॅलरीतून चिवचिव ऐकू आली.

टोपलीत कोंबडीची दोन पिल्लं होती, आत्या. एक गुलाबी रंगवलेलं, एक हिरवं. शिहाब कठड्याच्या गजांतून तोंड काढून खाली कोणाला तरी ओरडत होता की निळं आहे का, निळं हवंय. आणि जिथे खलबत्ता ठेवला होता तिथे ओल्या पितळाचा गोल डाग.

खालून तो भंगारवाला गेला होता, रोबाबिक्या, रोबाबिक्या करत ओरडत जातो तो. जुनं सामान घेतो, बदल्यात प्लास्टिकचं घमेलं नाही तर पिल्लू देतो. माझ्या डोळ्यांपुढे ना भंगारवाला होता ना पिल्लं, तुम्ही होता. गालिया काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. मी असा खेकसलो की माझं मलाच नवल वाटलं, "एक अक्षर बोलायचं नाही! तोंडातून शब्द बाहेर आला तर बघ!" आणि काय आश्चर्य, ती गप्प बसली. तेव्हापासून जी गप्प बसली आहे ती अजून गप्प आहे. का केलंस म्हणून दहादा विचारलं, तर ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे टकामका बघते. हट्टीपणाला काही सीमा? हे कोणाकडून आलं आहे ते मी लिहीत नाही, तुमचा मान राखायला हवा.

मी तसाच धावलो. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात इन्साफची. मुलांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून दोघं बरोबर, आणि पिल्लांना एकटं ठेवणार नाही असं मुलांचं म्हणणं पडलं, म्हणून तीही बरोबर, सदऱ्यांच्या आत. दुसऱ्या मजल्यावरून उम्म रगबनं हाक मारली, "उस्ताद, पोरं घेऊन कुठे निघालात? भांडण झालं का? इन्साफला फोन लावू?" भंगारवाला कुठे गेला म्हणून विचारलं तर अख्ख्या गल्लीनं रस्ता दाखवला, प्रत्येकानं वेगळा. एक म्हणाला ट्रामकडे, एक म्हणाला कालव्याकडे, इस्त्रीवाला म्हणाला आधी बस, पाणी पी. नेमकी त्याच वेळी शिहाबला लघवीला लागली. (त्याची सोय कुठे केली ते विचारू नका, त्या झाडाचा मालक ओळखीचा आहे.)

पुढे चहाच्या दुकानापाशी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील बसले होते. माझा अवतार बघूनही तो सज्जन माणूस उठून उभा राहिला, म्हणाला, "या उस्ताद, मुलाचा निकाल कसा आहे?" मी काहीतरी भारदस्त उत्तर देणार तोच शिहाबच्या सदऱ्यातून गुलाबी पिल्लू निसटलं आणि टेबलांखाली पळालं. मग दुकानातले मिशीवाले बाप्ये हुक्के टाकून गुडघ्यांवर आले, आणि त्यांच्यात मी. कोणी म्हणतंय इकडून वळव, कोणी म्हणतंय पाय मारू नकोस रे, मुकं पिल्लू आहे ते. सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या वर्गात काय होणार ते मला आजच दिसतंय. मी टेबलाखालीच होतो (सवय आहे) तेव्हा गालियानं माझा पायजमा ओढला आणि ओठांवर एक बोट तसंच ठेवून दुसऱ्या बोटानं कोपऱ्याकडे दाखवलं. कोपऱ्यावर भंगारवाल्याची हातगाडी उभी. ती तिला मघापासून दिसत होती. बाई बोलत नव्हत्या, एवढंच.

असो. सगळं चांगलं झालं. भंगारवाल्याचं नाव शाबान, माणूस सभ्य आहे, बोलणं झालं. खल आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे, तसाच लखलखीत, एक ओरखडा नाही. पिल्लं आंघोळीच्या टबात आहेत. इन्साफला यातलं काही ठाऊक नाही आणि ती यायच्या आत टब रिकामा करायचा आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, गोळ्या वेळेवर घ्या, गुडघ्याला ऊब द्या. इब्तिहालला आणि बाळाला आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा
मुख्तार

ता. क. वर मी 'खल' लिहिलं आहे हे तुमच्या नजरेतून सुटलं नसणारच. खल आला आहे. बत्ता शाबानकडे आहे. झालं असं की मी पोहोचलो तेव्हा तो गाडीच्या दांडीवर बसून खलबत्ता मांडीत घेऊन हळूच वाजवत होता आणि कान लावून ऐकत होता. त्यालाही मुलगा झाला आहे, पहिलाच. त्याची सातवी परवा, बुधवारी. म्हणाला, "उस्ताद, बायकोची आई नाही, माझी आई लांब दक्षिणेला, वरच्या मुलखात, घरात वाजवायला एक ताट आहे तेही प्लास्टिकचं. देवानं टोपलीतून पाठवलं, ते तुम्ही परत मागता?" मी म्हटलं, ही पिल्लं परत घे. तर आमच्या पोरांनी असा टाहो फोडला (शिहाबनं आवाजानं, गालियानं नुसत्या डोळ्यांनी) की मुलं चोरून नेतोय म्हणून लोक जमले. शेवटी असं ठरलं की खल माझ्याकडे, बत्ता त्याच्याकडे, आणि बुधवारी दोन्ही त्याच्या घरी एकत्र यायचे. मी नाही म्हणू शकलो नाही, आत्या. त्याच्या मांडीवर तो खल बघून मला गालियाची चाळणी आठवली.

ता. क. २. वाजवायचं कोणी, हा प्रश्न उरतो. त्याच्याकडे म्हातारं माणूस नाही, इन्साफला हे सांगायची माझी छाती नाही, आणि तुमच्यासारखा हात नि आवाज अलेक्झांड्रियात कोणाचा नाही. तेव्हा उद्या संध्याकाळी हमदीच्या गाडीनं इकडे यावं. बुधवारी शाबानच्या बाळाची सातवी करावी, गुरुवारी सकाळी खल आणि बत्ता दोन्ही घेऊन रशीदला जावं. जाताना गालिया आणि शिहाबलाही न्यावं. आणि पिल्लांना. सुट्टी संपेपर्यंत ठेवलंत तरी आमची हरकत नाही. बदकांना सोबत होईल.

ता. क. ३. बाळाचं सगळं उरकल्यावर, बायका खाण्याकडे वळल्या की, माझ्या दोघांना कोपऱ्यात बसवून एकदा खलबत्ता वाजवाल का? आईचं ऐका हे राहू दे. त्याच्या शेवटी फक्त 'बापाचंही ऐका' एवढं जोडायचं. मोठ्यानं. रोज नको, आठवड्यातून एकदा ऐकलं तरी माझी तक्रार नाही. आजवर एकदाही ऐकलेलं नाही हो.

आत्याआजी मी गालिया. बाबा पाकीट शोधायला गेले आहेत. बाबांनी सांगितलंय की बोलायचं नाही. लिहायचं नाही असं नाही सांगितलं. बाबा रोज आईला ओरडून सांगतात की तो खलबत्ता भंगारवाल्याला देऊन टाक एकदाचा. कालपण सांगितलं. आई ऐकतच नाही. म्हणून मग आम्ही ऐकलं.